फ्लाइट ६६६: बीकेसीच्या गर्दीत मी कुठे आहे?

कुर्ल्याचा कावळा

रविवारी माळा साफ करायला काढला. गणपतीचं मखर, बायकोच्या बी.एड.च्या वह्या, एक बंद पडलेला मिक्सर आणि मिक्सरच्या भांड्यात आयर्न मेडन या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडच्या 'फ्लाइट ६६६' फिल्मची डीव्हीडी. २००९ साली काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेली. दुकान २०१६ला बंद झालं, आमचा डीव्हीडी प्लेअर त्याच्याही आधी गेला. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांकडून प्लेअर मागून आणला आणि लेकीला घेऊन बसलो. ती चौदा वर्षांची आहे, गिटार शिकते.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मेडनवाल्यांनी ४५ दिवसांत जगभर २३ कार्यक्रम केले. एक बोइंग ७५७ घेतलं, मागच्या बाजूच्या खुर्च्या काढून तिथे १२ टन सामान भरलं, पुढे वादक आणि बाकीची माणसं. विमान चालवायला कोण, तर गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः. तो खराखुरा प्रवासी विमानांचा कॅप्टन होता. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन हे दोन कॅनडावाले कॅमेरे घेऊन सगळीकडे बरोबर. लंडनहून उडाल्यावर पहिलाच कार्यक्रम मुंबईत. १ फेब्रुवारी २००८, बीकेसीचं एमएमआरडीए मैदान.

आणि मी तिथे होतो.

आजही डोळे मिटले की दिसतं. दिवे जातात, स्पीकरवर चर्चिलचं युद्धातलं भाषण लागतं, ते संपतं न संपतं तोच तिन्ही गिटारी सुटतात आणि ब्रूस उडी मारून पुढे येतो. ड्रमवाल्या निको मॅकब्रेनची काठी ड्रमवर पडते आणि त्याच क्षणी इथे, छातीत, धप्प. मी पार मागे होतो, साउंडवाल्यांच्या मचाणाच्याही मागे, तरी धप्प.

तर लेकीने विचारलं, "बाबा, तू कुठे आहेस?" मुंबईच्या गर्दीचे शॉट आले की थांबवायचं आणि शोधायचं. तीन वेळा मागेपुढे केलं. सगळे काळ्या टीशर्टात, सगळ्यांचे हात वर. एक मी वाटला, पण त्याला दाढी होती आणि मला त्या काळी येत नव्हती. शेवटी ती म्हणाली, "नक्की गेला होतास ना?"

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मला जे आठवतं ते त्या संध्याकाळचं आहे की ह्या डीव्हीडीचं? आणि ज्याने फक्त पडद्यावर पाहिलं, त्याने तो कार्यक्रम पाहिला म्हणायचं का? आपापले अनुभव लिहा. मेडनच पाहिजे असं नाही, कुठल्याही जुन्या खोडांचं चालेल.

वांगीभात

मिक्सरच्या भांड्यात का?

निवांत नगरकर

कार्यक्रमाची फिल्म म्हणजे लग्नाची कॅसेट हो. ज्यांचं लग्न त्यांना कौतुक, बाकीचे आपण कुठे दिसतोय तेवढंच बघणार. आमच्या मेव्हण्याच्या कॅसेटमध्ये मी मठ्ठ्याचा तिसरा पेला उचलताना सापडलो. तेव्हापासून सासुरवाडीला गेलं की पहिला प्रश्न, "जावईबापू, मठ्ठा करू ना?"

कावळेबुवा, तुम्ही दिसला नाहीत हे बरंच झालं.

शेवटची लोकल

नगरकरांशी साफ असहमत.

मी ७ एप्रिल २००३ला ब्रेबर्नवर रोलिंग स्टोन्स हा रॉक बँड पाहिला आहे. पाहिले म्हणजे काय, तर लांबवर एक रंगीत रुमाल इकडून तिकडे फडफडत होता, तो त्यांचा गायक मिक जॅगर. बाकीचे तीन रुमाल फारसे हलत नव्हते. वातावरण जबरदस्त, माझा घसा चार दिवस बसलेला, सगळं कबूल. पण माणसं काही दिसली नाहीत.

मग २००८ला दिग्दर्शक स्कॉर्सेसीचा स्टोन्सवरचा 'शाइन अ लाइट' आला. न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये २००६च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केलेल्या दोन कार्यक्रमांचं चित्रीकरण. नाट्यगृह छोटं, कॅमेरे बख्खळ. जॅगर तेव्हा ६३ वर्षांचा. चेहऱ्यावर अशा सुरकुत्या की टपाल टाकलं तर आत जाईल, आणि खाली कंबर मात्र कॉलेजकुमाराची. गिटारवाल्या कीथ रिचर्ड्सची बोटं जवळून दाखवली आहेत, सांध्यांना गाठी आलेल्या, आल्याच्या कुड्यासारख्या. त्या बोटांतून ते सूर निघताना बघणं हा वेगळाच अनुभव आहे, आणि तो ब्रेबर्नच्या हिरवळीवर मिळणं शक्यच नव्हतं.

आणि त्यांचा ड्रमवाला चार्ली वॉट्स! एक दणदणीत गाणं संपतं, चार्ली कॅमेऱ्याकडे बघतो आणि गाल फुगवून फुस्सकन श्वास सोडतो. चार जिने चढून आलेल्या आजोबांसारखा. लगेच पुढच्या गाण्याला काठ्या हातात. २०२१ला तो गेला तेव्हा मला ब्रेबर्न आठवलंच नाही, तो श्वास आठवला.

निवांत नगरकर

टपाल टाकलं तर आत जाईल =)) हसून हसून पुरे वाट

म्हापशेकर

एक दुरुस्ती. मेडनचा भारतातला पहिला कार्यक्रम मुंबईचा नव्हे, बंगळुरूचा. १७ मार्च २००७, पॅलेस ग्राउंड्स. आम्ही म्हापशाहून सहा जण रात्रीच्या बसने गेलो होतो. परतीच्या बसमध्ये एकाच्याही घशातून शब्द फुटत नव्हता, कंडक्टर तिकिटं विचारतोय आणि आम्ही बोटं दाखवतोय. त्याला वाटलं मुक्या मुलांची सहल आहे.

त्या कार्यक्रमाची अशी फिल्म निघाली नाही. मला अजिबात वाईट वाटत नाही. आम्ही सहा जण भेटलो की सहा वेगवेगळे कार्यक्रम सांगतो आणि खोटं पाडायला कोणी नाही.

कुर्ल्याचा कावळा

मी 'दौऱ्यातला पहिला' म्हटलं होतं हो, भारतातला पहिला नव्हे. पण बंगळूर मान्य, तुम्ही ज्येष्ठ. _/\_

मंद्रसप्तक

मला या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण प्रश्न आवडला म्हणून लिहितो.

आम्ही सवाई गंधर्व महोत्सव रात्ररात्र जागून ऐकला आहे. शाली, थर्मास, मांडीला मांडी लावून बसलेले अनोळखी लोक. पंडित भीमसेनजी शेवटी गायला बसत तोवर पहाट व्हायला आलेली असे. डोळे तारवटलेले, पाय आखडलेले, आणि अशा वेळी तो षड्ज लागायचा. आता त्या गायनाच्या चित्रफिती बघतो तेव्हा चेहरा जवळून दिसतो, हात दिसतात, आवाजही स्वच्छ. पण मी ताजातवाना, दुपारचा चहा घेऊन बसलेला. रात्रभराचं जागरण त्या चित्रफितीत कुठून येणार? माझ्या मते ऐकण्याचा निम्मा भाग तो होता.

पुढे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांना बंदी आली आणि रात्रीच्या बैठकी संपल्या. तुमच्या रॉकवाल्यांनाही तो नियम लागू असेलच.

कावळे यांना एक विचारायचं आहे. त्या फिल्ममध्ये श्रोते दाखवले आहेत का? की नुसतेच वादक?

वांगीभात

काका, लागू म्हणजे काय! धोबीतलावचं रंगभवन त्यातच गेलं. उघड्यावरचं प्रेक्षागृह, आजूबाजूला रुग्णालयं नि कॉलेजं, सगळा परिसर शांतता क्षेत्र. तिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा. मी पायऱ्यांवर बसून पाहिलाय, बूड गरम आणि कान बधिर. त्याची कोणी धड फिल्म काढून ठेवली असती तर मी आज माळा काय, अख्खी बिल्डिंग साफ केली असती.

कावळ्या, मिक्सरचं उत्तर आलेलं नाही.

कुर्ल्याचा कावळा

मंद्रकाका, श्रोते भरपूर दाखवलेत, तीच तर गंमत आहे. सॅम डन हा मूळचा मानववंशशास्त्र शिकलेला माणूस, त्यामुळे त्याचं निम्मं लक्ष गर्दीवर. कोलंबियात, बोगोटाला, पोरं मैदानाबाहेर कित्येक दिवस आधीपासून तंबू ठोकून बसलेली. कार्यक्रम संपल्यावर एक जण उभा आहे. निकोने फेकलेली ड्रमची काठी त्याच्या हाताला लागली आहे. तो ओरडत नाही, नाचत नाही. ती काठी छातीशी धरून रडतोय, तोंड वर करून. कॅमेरा त्याच्यावरून हलतच नाही. लेक इतका वेळ बडबडत होती, तिथे गप्प झाली.

ब्राझीलमध्ये एक पाद्री आहे, अंगभर मेडनचे टॅटू गोंदवलेला. ते बघून आमच्या आई म्हणाल्या, "बरा आहे हो, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही."

वांगीभात, मिक्सरचं बायकोला विचारून सांगतो.

टोरांटोचा तात्या

या धाग्यावर सगळ्यात दुर्दैवी माणूस मी आहे, जागा करा.

त्या डीव्हीडीत दोन तबकड्या आहेत. पहिलीत प्रवास, दुसरीत नुसती गाणी. सोळा गाणी आणि प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं. पहिलं मुंबईचं, मग मेलबर्न, सिडनी, टोकियो असं करत शेवटचं, सोळावं, आमच्या टोरांटोचं.

मी डोंबिवलीचा. जानेवारी २००८मध्ये इकडे आलो. म्हणजे मेडन मुंबईत आले त्याच्या बरोबर तीन आठवडे आधी मी मुंबई सोडली. मार्चमध्ये ते इथे आले तेव्हा मी तळघरातल्या एका खोलीत तिघांबरोबर राहत होतो आणि तिकिटाच्या पैशात महिन्याचा भाजीपाला येत होता. त्या रात्री मी शून्याखाली किती होतं ते न बघता सभागृहाच्या बाहेरपर्यंत चालत गेलो. आतला आवाज भिंतीतून गूं गूं गूं असा. अर्धा तास ऐकला आणि परत फिरलो.

तेव्हा फिल्म म्हणजे कार्यक्रम का? माझ्यापुरतं उत्तर 'हो' आहे. माझ्याकडे दुसरा कार्यक्रमच नाही. आणि आता नवीन होणेही नाही, निकोने २०२४च्या डिसेंबरात साओ पावलोला शेवटचा कार्यक्रम वाजवून दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. बाकीचे बँडची पन्नाशी साजरी करत फिरताहेत, दुसरा ड्रमवाला घेऊन.

शेवटची लोकल

तात्या __/\__ गूं गूं गूं काळजाला लागलं.

तिसरी घंटा

तात्यांबद्दल पूर्ण सहानुभूती ठेवून एक तांत्रिक शंका. सोळा गाणी सोळा गावांची, म्हणजे तो सोळा गाण्यांचा सलग कार्यक्रम जगात कुठेही झालेला नाही. कावळे शोधताहेत ती गर्दीसुद्धा एका गाण्यापुरती मुंबईची, पुढच्या गाण्याला ऑस्ट्रेलियाची. मग हा कार्यक्रम कुणाचा?

मी नाटकवाला आहे, मला फसवणुकीचं वावडं नाही. लेड झेपेलिन या रॉक बँडचा १९७६चा सिनेमा 'द साँग रिमेन्स द सेम' घ्या. मूळ कार्यक्रम १९७३च्या जुलैचे, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधले. नंतर लक्षात आलं की चित्रीकरणात मोठमोठी भगदाडं आहेत. मग १९७४ला इंग्लंडमध्ये शेपर्टन स्टुडिओत तसाच रंगमंच उभारून, स्वतःच्याच जुन्या ध्वनिमुद्रणाबरोबर हातवारे करत ते तुकडे भरून काढले. तोवर जॉन पॉल जोन्सने केस कापून टाकले होते. मग काय, टोप! रंगपटात बसून टोप चिकटवणारा झेपेलिनचा बासवादक डोळ्यांसमोर आणा. आमच्या संस्थेतल्या राज्य नाट्य स्पर्धेची कळा आली की नाही?

आणि तरीही तो सिनेमा पाहताना गडी 'खराच' वाटतो. टोप कुठे सुरू होतो हे शोधायचा मी नाद सोडला.

म्हापशेकर

झेपेलिनचंच पुढचं. डिसेंबर २००७मध्ये लंडनच्या ओटू अरीनात त्यांनी एकच कार्यक्रम केला, ड्रमवर त्यांच्या दिवंगत ड्रमवाल्या जॉन बॉनमचा मुलगा जेसन. तिकिटासाठी २ कोटी अर्ज आले होते म्हणतात. त्याची फिल्म 'सेलिब्रेशन डे', आली २०१२ला. आता सांगा, ती फिल्म नसती तर उरलेल्या १ कोटी ९९ लाख लोकांनी काय करायचं होतं? भिंतीला कान लावायचा?

टोरांटोचा तात्या

भिंतीला कान लावणाऱ्यांची संघटना काढतोय. वर्गणी नाही.

गेनवाला

उशिरा आलो, धागा आवडला. पंधरा वर्षं मैदानी कार्यक्रमांचं साउंडचं काम करतोय, म्हणून थोडं आमच्या बाजूचं.

फिल्ममध्ये जे ऐकू येतं ते मैदानातल्या कुणीही ऐकलेलं नसतं. रंगमंचावर प्रत्येक ड्रमला वेगळा माइक, प्रत्येक गिटारला वेगळा, गायकाचा वेगळा, आणि गर्दीकडे तोंड केलेले आणखी काही. हे सगळे वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड होतात. मग महिनोन् महिने स्टुडिओत बसून ते सारखे करतात. वारा नाही, धूळ नाही, शेजारचा बेसूर ओरडणारा नाही. गर्दीचा आवाज लागेल तिथे वर, नको तिथे खाली. मेडनच्या या फिल्मचं ध्वनीचं काम केव्हिन शर्लीने केलंय, उत्तमच आहे.

आता जरा नाजूक विषय. कावळेसाहेब, राग मानू नका.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मचाणाच्या मागे होतात, आणि निकोची काठी पडली त्याच क्षणी छातीत धप्प झालं. ते जमत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुम्ही रंगमंचापासून १०० मीटरवर असाल तर काठी पडलेली दिसल्यावर आवाज यायला पाव सेकंदाहून जास्त, जवळपास ०.३ सेकंद लागतात. मैदानाच्या मध्यावर जे वेगळे स्पीकर टांगलेले असतात त्यांनाही आम्ही मुद्दाम तेवढाच उशीर देतो. नाहीतर मागच्या माणसाला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. म्हणजे मागच्या प्रेक्षकाला ठोका दिसतो आधी आणि लागतो नंतर. नेहमी. धोबीघाटावर लांबून बघितलंत तर कळेल, कपडा आपटलेला दिसतो आणि आवाज मागाहून येतो.

दोन्ही एकाच क्षणी फक्त फिल्ममध्ये होतं, कारण तिथे चित्र आणि आवाज बसवलेले असतात.

दुसरं म्हणजे निकोचा ड्रमसेट एवढा अवाढव्य आहे की समोर उभ्या असलेल्या माणसाला निको दिसतच नाही. अधूनमधून काठीचं टोक दिसलं तर नशीब. काठी ड्रमवर पडताना दिसते ती कॅमेऱ्याला, वरून किंवा मागून.

म्हणजे तुमची ती आठवण मैदानातली नसावी.

वांगीभात

बाब्बौ! हा धागा नाही, उलटतपासणी आहे. पॉपकॉर्न घेऊन बसले.

कुर्ल्याचा कावळा

गेनवाले, राग अजिबात नाही. पण मोठ्या पडद्यावर दिसला असेल ना निको? बाजूला पडदे असतात. आणि ०.३ सेकंदाचा फरक सतरा वर्षांनी कुठे लक्षात राहतो? भाषण, काळोख, ब्रूसची उडी, हे तर मी पाहिलंच आहे. याची देही.

गेनवाला

पडद्यावरचं चित्रही किंचित उशिरा येतं, तेव्हा फरक थोडा कमी होतो, पण जात नाही :) पण ठीक आहे, मी तिथे नव्हतो.

पट्टेवाला

पण मी होतो.

धागा आत्ता पाहिला. कावळ्या, लेका, सतरा वर्षं तू ही गोष्ट सांगतोयस आणि सतरा वर्षं मी मैत्रीखातर गप्प आहे. आता विज्ञानच मध्ये आलंय तर सांगून टाकतो.

मंडळी, त्या दिवशी मी फॅशन स्ट्रीटवरून दीडशे रुपयांना घेतलेला टोकदार खिळ्यांचा पट्टा घालून गेलो होतो. गेटवर झडती. माझ्यापुढच्याच्या खिशातली सुट्टी नाणीसुद्धा काढून घेतलेली. हवालदाराने माझ्या पट्ट्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हे कुत्र्याचं आहे ना?" पट्टा आत नेता येणार नाही. फेकायला मी तयार नाही. मागे रांग ओरडतेय. शेवटी कावळा म्हणाला, चल, कुठेतरी ठेवू. आम्ही रांग सोडून परत रस्त्यावर आलो आणि बरंच चालून एक पानाची टपरी गाठली. टपरीवाल्याला वीस रुपये दिले, पट्टा गुंडाळून गुटख्याच्या माळांमागे ठेवायला.

आणि तेवढ्यात मैदानाकडून चर्चिलचं भाषण सुरू झालं. टपरीवाल्याने चुना लावता लावता कान दिला आणि विचारलं, "कौन नेता आया है?"

आम्ही धावत सुटलो. पळताना पहिलं गाणं सगळं हवेतून ऐकलं, वाऱ्याबरोबर कमीजास्त होणारं. परत रांग, परत झडती. आत पाय टाकला तेव्हा दुसरं गाणं निम्मं झालं होतं. ब्रूसची उडी ना याने पाहिली ना मी. माझी पँट मी एका हाताने धरून उभा होतो, दोन्ही हात वर करणं मला पूर्ण कार्यक्रमात जमलेलं नाही.

परत गेलो तेव्हा टपरी बंद. पट्टा गेला तो गेला. माझ्या आयडीवरून आजवर लोकांना वाटायचं मी कुठल्या ऑफिसात शिपाई आहे.

निवांत नगरकर

"कौन नेता आया है" =)) =)) मी ऑफिसात आहे हो, तोंडावर फाइल धरलीय.

शेवटची लोकल

मुंबईचं एकच गाणं सलग डीव्हीडीत आहे, आणि ते कोणतं? पहिलं. म्हणजे जे कावळ्याने पाहिलं नाही नेमकं तेच. काय नशीब आहे राव.

म्हापशेकर

म्हणून म्हटलं, आमच्या बंगळूरची फिल्म निघाली नाही तेच बेस बरें जालें.

टोरांटोचा तात्या

कावळे, संघटनेत स्वागत. तुमच्याकडे भिंतही नव्हती, तुम्हाला थेट उपाध्यक्षपद.

तिसरी घंटा

कावळे गप्प आहेत दोन दिवस. कोणी फोन करा.

कुर्ल्याचा कावळा

आहे, आहे. तोंड कुठे लपवू ते शोधत होतो.

पट्ट्याचं सगळं खरं आहे. आणि विश्वास ठेवा, मी खोटं बोलत नव्हतो. त्याचा प्रतिसाद वाचेपर्यंत टपरी माझ्या लक्षातच नव्हती, म्हणजे होती, पण ती 'कार्यक्रमाच्या आधी' अशी कुठेतरी ठेवलेली. डीव्हीडी घेतल्यावर पहिल्या दोन वर्षांत मी ती पंचवीस-तीस वेळा तरी पाहिली असेल. प्रत्येक वेळी सुरुवात तीच, काळोख, भाषण, उडी. कधीतरी ती उडी माझी झाली. कॅमेऱ्याने जिथून पाहिलं तिथे मी स्वतःला उभं केलं, आणि वर गर्दीत मागे उभा राहिल्याचा विनम्रपणाही जोडून दिला.

मग बसून आठवायला लागलो की फिल्ममध्ये नसलेलं काय काय आहे माझ्याकडे. ते निघालं ते असं: मिठी नदीचा वास, जो वारा फिरला की गाण्याच्या मधेच यायचा. पायाखालची माती इतकी उडत होती की दुसऱ्या दिवशी सकाळी नाक शिंकरलं तर रुमाल काळा. शेजारी एक मुलगा एकटाच आला होता, त्याने संपूर्ण कार्यक्रमभर पाठीवरची सॅक उतरवली नाही आणि प्रत्येक गाण्याच्या आधी आम्हाला त्याचं वर्ष सांगितलं. संपल्यावर रिक्षा कोणी थांबेना, म्हणून आम्ही कुर्ला स्टेशनपर्यंत चालत आलो, हा पँट धरून. आणि टपरीवाल्याचा आवाज. तो आता अगदी स्पष्ट ऐकू येतोय, चुन्याच्या डबीच्या टकटकीसकट. यातलं काहीच डीव्हीडीत नाही, म्हणजे माझं असावं. पण पट्ट्या, सॅकवाला मुलगा होता ना रे?

लेकीला सगळं वाचून दाखवलं. ती हसून हसून लोळली. मग म्हणाली, "म्हणजे आपण तीन वेळा थांबवून थांबवून शोधत होतो, त्या गाण्यात तू टपरीवर होतास."

पट्टेवाला

सॅकवाला होता. दोनदा वर्ष चुकलं होतं त्याचं, तू सुधारलंस आणि तो रुसला.

गेनवाला

मिठीचा वास आणि वाऱ्याने हलणारा आवाज, हे मैदानातलंच. पावती दिली :) वारा आला की उंच पट्टीचे स्वर वाहून जातात, म्हणून पळताना कमीजास्त ऐकू आलं.

मंद्रसप्तक

कावळे, तुम्ही व्यक्तिगत निरोपात सुचवलं होतं म्हणून डीव्हीडीतलं न्यूजर्सीचं ते तेरा मिनिटांचं, कोलरिजच्या कवितेवरचं गाणं काल पाहिलं. आवाज बेताचा ठेवून.

मी निवृत्त प्राध्यापक, विषय इंग्रजी. कोलरिजची ती वृद्ध खलाशाची कविता मी बी.ए.च्या वर्गाला तीस वर्षं शिकवली. १७९८ साली छापलेली, भली लांबलचक कविता. अल्बाट्रॉस पक्षी मारला जाईपर्यंत मुलं जागी असत, पुढे जहाज जे थांबायचं ते मागच्या बाकांसकट थांबायचं. इथे पाहतो तर मधे सगळी वाद्यं जवळजवळ बंद होतात, लाकूड करकरल्यासारखा आवाज आणि कवितेच्या ओळी बोलून दाखवलेल्या. आणि समोर हजारो मुलं, काळे कपडे, केस वाढवलेले, एकही झोपलेला नाही. ओठ हलताहेत. त्यांना पाठ आहे.

मी ते दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा फक्त मुलांचे चेहरे बघितले. संगीताबद्दल माझं मत राखून ठेवतो, ड्रम अंमळ जास्तच आहेत. पण ही चित्रफीत माझ्याकडे १९८५ला असती तर फळ्यावर जहाज काढत बसलो नसतो.

तिसरी घंटा

सर, फळ्यावरचं जहाज! तुमचे विद्यार्थी बी.ए.ला तेच पाहायला येत असतील.

वांगीभात

सगळं वाचलं, हसले, तात्यांसाठी थोडं रडलेही. पण पहिला प्रतिसाद माझा होता आणि प्रश्न साधा होता.

कुर्ल्याचा कावळा

विचारलं बायकोला. २०११ला लेक झाली. तिला दुपारी झोपवलं की मी मेडन लावायचो आणि ती उठायची. म्हणून बायकोने डीव्हीडी लपवली. मिक्सर त्याच आठवड्यात जळला होता. म्हणाली, "तुम्ही दुरुस्तीला नेतो म्हणालात, तेव्हाच कळलं की या भांड्याला कोणी हात लावणार नाही."